स्वस्त झालेली मधुमेहाची गोळी की नवे इंजेक्शन? आधी ही 'कात्री' समजून घ्या

तुमच्या मधुमेहाच्या औषधांत सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन असे 'ग्लिप्टिन'ने संपणारे नाव आहे का? मग अलीकडे तुमचा खर्च कमी झाला असेल. व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट भारतात २०१९च्या अखेरीस संपले, सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनौषधी केंद्रांवर सिटाग्लिप्टिनच्या ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या.

आता चर्चा सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनची आहे. त्याच्या मुख्य पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे "डॉक्टर, गोळी सोडून इंजेक्शन घेऊ का? की दोन्ही घेऊ?" असे रुग्ण विचारतात. दोन्ही औषधांचा संबंध शरीरातल्या एकाच विकराशी, म्हणजे एन्झाइमशी आहे. त्याचे नाव डीपीपी-४.

हे विकर काय करते?

डीपीपी-४ प्रथिने कापते. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात येते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. पण डीपीपी-४ त्याच्या टोकाचे दोन अमिनो आम्लांचे तुकडे कापून टाकते आणि साधारण दोन मिनिटांत निम्मे जीएलपी-१ निकामी होते.

यावर दोन उपाय निघाले. ग्लिप्टिन गोळ्या या कात्रीलाच अडवतात, त्यामुळे तुमचे स्वतःचे जीएलपी-१ जास्त वेळ टिकते. सेमाग्लुटाइडची रचना मात्र अशी बदललेली आहे, की कात्री त्यावर फारशी चालत नाही. ते आठवड्यातून एकदा घेतले तरी पुरते.

मग फरक कुठे पडतो?

गोळी शरीरात आहे तेवढेच जीएलपी-१ वाचवते. त्यामुळे तिचा परिणाम सौम्य असतो: एचबीए१सी साधारण ०.५ ते ०.८ टक्क्याने उतरते, वजन जवळपास तेवढेच राहते. एकटी घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. वयस्कर रुग्णांसाठी ही मोठी सोय आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर बहुतेक ग्लिप्टिनचा डोस कमी करावा लागतो, लिनाग्लिप्टिनचा नाही.

इंजेक्शनचा परिणाम जास्त. साखर अधिक उतरते, वजनही कमी होते आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक व पक्षाघाताचे प्रमाण कमी झालेले दिसले आहे. पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध टाळतात.

दोन्ही एकत्र का नको?

कात्री चालतच नाही असे औषध घेतल्यावर कात्री अडवून विशेष काही मिळत नाही. खर्च मात्र वाढतो. म्हणून इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर सहसा ग्लिप्टिन बंद करतात. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात घेत असाल तरी नियम हाच.

इथे एक चूक टाळा. अनेक गोळ्यांत ग्लिप्टिनसोबत मेटफॉर्मिनही असते. ती गोळी परस्पर बंद केलीत तर मेटफॉर्मिनही सुटेल आणि साखर वाढेल. तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असाल, तर नवे इंजेक्शन सुरू करताना त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो. नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल.

डॉक्टरांकडे जाताना

सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाच्या सुजेचा पूर्वीचा त्रास सांगा. दोन्हींपैकी कोणतेही औषध चालू असताना पोटात सतत तीव्र दुखून पाठीकडे कळ जाऊ लागली, तर औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठा. ग्लिप्टिनवर असताना अंगावर पाण्याचे फोड आले किंवा सांधे खूप दुखू लागले, तर तेही कळवा.

साखर आटोक्यात आहे, वजन योग्य आहे आणि हृदय-मूत्रपिंडाचा त्रास नाही, अशा रुग्णाने केवळ चर्चा ऐकून चांगली चाललेली गोळी बदलण्याचे कारण नाही. वजन जास्त असेल किंवा हृदयविकार असेल, तर मात्र इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.