वळताना चुकले कोण?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात राहून आलो. तिच्या शेजारी बसून बाजारहाटाला जाताना एक गोष्ट रोज नजरेस पडे. उजवीकडे वळायचे असले की ती सहज वळे. डावीकडे वळायचे असले, की चौकाच्या मध्यापर्यंत येऊन थांबे आणि समोरची रांग सरेपर्यंत गाडी हलवत नसे. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. समोरच्यांची वाट कापावी लागते ती डावीकडे वळताना. आपल्याकडे तोच प्रसंग उजवीकडे वळताना येतो. एकदा न राहवून मी म्हणालो, "अगं जा की, तो लांब आहे अजून." ती म्हणाली, "बाबा, तो येऊन आदळला तर चूक माझीच धरतील."

धरतील हे खरे. समोरून येणारे वाहन धोका वाटावा इतके जवळ असेल तर वळणाऱ्याने थांबायचे, असे तिथला कायदा सांगतो. पण त्याच कलमात पुढे असेही आहे, की वळणारा रीतसर थांबला, त्याने इशारा दिला आणि वाट मोकळी पाहून तो वळू लागला, तर मग समोरच्यांनी त्याला जाऊ द्यायचे. म्हणजे वळणाऱ्यावर पहिला संशय असतो, निकाल नव्हे.

हा फरक कायद्याला उमगायलाही बराच काळ गेला. इंग्लंडमध्ये १८०९ पासूनचा दंडक असा, की जखमी माणसाची स्वतःची थोडीशी जरी चूक असली तरी त्याला भरपाई शून्य. १८४२ साली एका गाढवाचा खटला गाजला. मालकाने पुढचे पाय बांधून ते हमरस्त्यावर चरायला सोडले होते, आणि भरधाव घोडागाडीने ते चिरडले. गाडीवानाला टाळता आले असते, म्हणून भरपाई त्याच्याकडून, असे न्यायालयाने ठरवले. मालक सुटला, पण दोष सगळाच्या सगळा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेला, इतकेच. तो वाटून देणारा कायदा इंग्लंडात १९४५ मध्ये आला.

कॅलिफोर्नियात तो बदल घडवला तो नेमका एका डाव्या वळणाने. नोव्हेंबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला एक बाई समोरच्या तीन रांगा कापून पेट्रोल पंपाकडे वळत होत्या. समोरून टॅक्सी बेताबाहेरच्या वेगाने, दिवा पिवळा असताना चौकात शिरली आणि बाईंच्या गाडीच्या मागच्या भागावर आदळली. खालच्या न्यायालयाने टॅक्सीवाल्याची चूक मान्य केली. पण बाईही धोका ओढवून वळल्या, म्हणून त्यांना काहीच नाही. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडला आणि ज्याची जेवढी चूक तेवढा त्याचा भार, असे ठरवले. मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामा इथे मात्र जुनाच दंडक आजही चालतो. आपली पुष्कळ मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत स्वतःची चूक निम्म्याहून अधिक नसेल तरच भरपाई मिळते.

आपल्याकडेही मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चुकीची टक्केवारी ठरवते. जागेचा पंचनामा, ब्रेकच्या खुणा, कोणत्या गाडीला कुठे मार लागला आणि साक्षीदार काय सांगतात, यांवर ते ठरते. समजा भरपाई दहा लाख रुपये ठरली आणि मृताची चूक तीस टक्के निघाली, तर घरच्यांच्या हाती तीन लाख कमी येतात. चूक गेलेल्याची, वजावट मागे राहिलेल्यांची. मात्र मागच्या सीटवर बसलेल्याचे तसे नाही. दोन्ही चालक चुकले असले तरी त्याची भरपाई कापली जात नाही, आणि दोघांपैकी कोणाकडूनही ती पूर्ण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले आहे. किती घरांना हे ठाऊक नसते!

चौकात जमणारी गर्दी मात्र टक्केवारीच्या भानगडीत पडत नाही. मोठी गाडी ज्याची, चूक त्याची. याचा मला अनुभव आहे. २००३ साली मी पुण्यात उजवीकडे वळत असताना समोरून मोटारसायकलवर एक तरुण आला आणि माझ्या गाडीच्या डाव्या दारावर आदळला. लोकांनी मला घेरले. तो वेगात होता हे मी त्यांना सांगितले, पोलिसांना सांगितले, पुढे कितीतरी वर्षे जेवणाच्या पंगतीत सांगत आलो. ते खोटे नव्हते. पण मी त्याला लांबून पाहिले होते आणि तेवढ्यात निघून जाऊ, असा अंदाज बांधला होता, हे कोणालाच सांगितले नाही. लेकीच्या शेजारी बसून "तो लांब आहे अजून" म्हणालो, तेव्हा तोच अंदाज माझ्या तोंडून पुन्हा निघाला होता.

पंचनामा झाला तेव्हा मी हजर होतो. माझे म्हणणे नीट लिहून घेतले गेले. त्याला तोवर रिक्षात घालून दवाखान्यात नेले होते. पाय मोडला होता. त्याने दावा केला नाही. चार महिने तो कामावर जाऊ शकला नाही, हे मला पुष्कळ नंतर कळले.