वरातीमागून घोडे

नगराचा विकास आराखडा म्हणजे नगरवासीयांचे भवितव्य. ते ज्यांचे, त्यांनाच सर्वांत शेवटी कळावे, ही आपल्याकडे रीतच होऊन बसली आहे! १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक केले, हे उचितच झाले. परंतु हरकत घ्यावयाची म्हणजे कागदावर रेषा आधीच उमटलेली असणार. अधिकाऱ्यास तोवर त्या रेषेचा अभिमान जडलेला असतो आणि नागरिकाच्या हाती ‘नको’ हा एकच शब्द उरतो.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये महानगराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, आणि उभ्या वास्तूंवरून गेलेले रस्ते व प्रार्थनास्थळांच्या चुकलेल्या नोंदी पाहून नगरवासी थक्क झाले. आधी काही चर्चाबैठका झाल्या होत्या, हे खरे. पण तेवढ्याने भागले नाही. एप्रिलमध्ये राज्य शासनास आराखडा नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ साली आले. मंजुरीस २०१८ साल उजाडले. लोकांना विचारल्याने विलंब होतो, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

‘लोकांना यातले काय कळते?’ असाही एक प्रश्न तुच्छतेने विचारला जातो. रस्त्याची रुंदी किती असावी हे अभियंत्यास कळते, यात शंका नाही. पण पहिल्याच पावसात पाणी कोठे तुंबते, हे नाक्यावरच्या भाजीवालीस त्याच्याहून अधिक ठाऊक असते. दोन्ही ज्ञाने एकत्र आल्याखेरीज नगर उभे राहात नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रक ठरण्यापूर्वीच नागरिकांकडून पदपथ, दिवे अशा स्थानिक कामांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. पाऊल लहान, पण दिशा योग्य!

ही दिशा मोठ्या योजनांनीही धरली पाहिजे. पहिली रेषा ओढण्यापूर्वी प्रभागात सभा भरवावी. ती कामकरी माणूस घरी परतल्यावर, सायंकाळी भरवावी. नकाशा त्यास समजेल अशा मराठीत मांडावा. आणि प्रत्येक सूचना का स्वीकारली वा का नाकारली, याचे लेखी उत्तर द्यावे. हे शेवटचे बंधन नसेल, तर सभा हा निव्वळ देखावा ठरेल. नागरिकांनीही केवळ आपल्या दारापुढचा रस्ता न पाहता साऱ्या वस्तीचा विचार केला पाहिजे.

लोकशाहीत जनता योजनेची लाभार्थी नव्हे, धनी आहे. घर बांधून झाल्यावर धन्यास ‘कसे वाटले?’ असे विचारण्यात सौजन्य नाही. ती थट्टा आहे!