नेम चुकला की गोळी?

स्वेटर विणणाऱ्या बाईला एक गोष्ट सांगावी लागत नाही. लोकर घ्यायची ती एकाच लॉटची. कंपनी तीच, रंग तोच, पण लॉट नंबर बदलला की पाठीचा आणि बाहीचा रंग उन्हात वेगळा दिसतो. असाच लॉट नंबर पॉइंट टू टू रायफलच्या गोळ्यांच्या खोक्यावरही असतो. मुलीला नेमबाजीला घालणाऱ्या घरांत मात्र तो क्वचितच कोणी वाचतं.

मुली नेमबाजीला जातात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक आणलं. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सोनं जिंकली. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तेव्हा त्याच्यामागे प्रशिक्षक म्हणून दीपाली देशपांडे उभ्या होत्या, ज्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. एनसीसीतल्या मुलींनी तर पॉइंट टू टू हातात धरलेलीच असते.

पण मुलीचा स्कोअर पडला की काय होतं, हे मी अनेक घरांत पाहते. ‘लक्ष नाही’, ‘मोबाइल वाढलाय’, ‘मुलींना टेन्शन झेपत नाही’. शेवटी आजी म्हणते, पुरे झालं आता, बारावीकडे बघू दे. खोकं कोणतं होतं, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

ही गोळी म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. पॉइंट टू टूमध्ये तशी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी दुमडलेली कड असते, तिच्यातच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. रायफलची पिन त्या कडेवर आपटते, म्हणून हिला रिमफायर म्हणायचं. आत दारू गुंजभरसुद्धा नसते आणि पुढे शिशाची २.६ ग्रॅमची गोळी. एवढ्याशा ऐवजात मसाला कणभर कमी पडला, कड किंचित जाड झाली किंवा शिसं जरा तिरकं बसलं की वेग बदलतो.

आता हिशेब बघा. चांगली गोळी सेकंदाला साधारण ३२० मीटर वेगाने सुटते. तोच वेग १० मीटरने कमी पडला तर ५० मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली लागते. आणि लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं! म्हणजे मुलीचा श्वास, खांदा, बोट सगळं अचूक असूनही दहाचा नऊ होऊ शकतो. अशा साठ गोळ्यांवर निकाल लागतो.

मोठ्या रायफलची काडतुसं माहितगार लोक पुन्हा भरून हवी तशी नीट करून घेतात. रिमफायर पुन्हा भरता येत नाही. गोळी उपसून दारू कमी-जास्त करण्याचा उद्योग तर कुणी चुकूनही करू नये, तो जिवाशी खेळ आहे. काही पालक सोनाराच्या काट्यावर एकेक गोळी तोलतात, कडेची जाडी मोजून वाट्या लावतात. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. पण काटा सांगतो ते पितळ, शिसं आणि दारू यांचं मिळून वजन. फरक नेमका कशात आहे हे त्याला कुठून कळणार? स्वस्त खोक्यातले अगदीच वेगळे नग त्यामुळे बाजूला काढता येतात, एवढाच काय तो फायदा. महागड्या मॅच गोळ्यांत तेवढाही नाही.

खरा उपाय म्हणजे लॉट पारखणं. रायफल शिकंजात घट्ट बसवायची, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही. मग प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या, निदान चार वेळा, ५० मीटरवर झाडायच्या. छिद्रांचा पसारा मोजायचा आणि सगळ्यात छोट्या पसाऱ्यावर खूश न होता सगळ्यात मोठा केवढा ते बघायचं. ब्रँड बदलला तर सुरुवातीच्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. नळीत आधीच्या गोळीचं ग्रीस बसलेलं असतं. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ या परदेशी कंपन्या हीच पारख आपल्या चाचणी केंद्रांवर करून देतात. गंमत म्हणजे एका रायफलला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलला मानवेलच असं नाही. (सासरचं पाणीही सगळ्यांना कुठे मानवतं!)

परदेशी जाऊन रायफल पारखून घेणं आघाडीच्या नेमबाजांना जमतं. तालुक्याच्या मुलीच्या वाट्याला येतं ते क्लबच्या कपाटात उरलेलं खोकं, आज या लॉटचं, उद्या त्या लॉटचं. आयात, परवाना, कोटा या सगळ्यांतून वाट काढत माल येतो, त्यामुळे मिळालं हेच नशीब, असं म्हणायची सवय झाली आहे. मला ही सवय मान्य नाही. खर्च फार नाही, शिकंजा एकदाच करायचा आहे. दोन-तीन जिल्ह्यांच्या क्लबांनी एकत्र यावं, चार-पाच लॉटची थोडी थोडी खोकी मागवावीत, मुलींच्या रायफली लावून पारखाव्यात आणि मग जो लॉट जिला बसेल त्याची वर्षभराची खरेदी एकदम करावी. सरावाला साधी गोळी चालेल, पण निवड चाचणीला मुलीला तिचाच लॉट मिळाला पाहिजे. राज्य संघटनेकडे ही मागणी पालकांनी लेखी करावी. आईनेच करावी म्हणते मी, कारण खोक्याचे पैसे बहुधा तिच्याच भिशीतून गेलेले असतात.

तोवर एक वही घाला. तारीख, स्कोअर, हवा गरम की थंड, आणि खोक्यावरचा लॉट नंबर. खोक्यात ५० गोळ्या असतात. दोन लॉट एका डबीत मिसळू देऊ नका. पुढच्या वेळी स्कोअर पडला की मुलीला काही बोलण्याआधी ती वही उघडा.