पॅचखालची सही

ओपन सोर्स प्रकल्पांविषयी आमच्या साहित्यविभागांत एक समजूत रूढ होऊ पाहते आहे. असंख्य अनोळखी हातांनी लिहिलेली, कुणा एकाच्या नावावर नसलेली ही संहिता म्हणजे रोलाँ बार्थप्रणीत 'लेखकाच्या मृत्यू'चे मूर्तिमंत उदाहरण, असे चर्चासत्रांतून ऐकवले जाते. हे विधान करणाऱ्यांनी एकही पॅच वाचलेला नसावा, असे आम्हांस वाटते.

लिनक्सच्या कर्नलचे उदाहरण घेऊ. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या या प्रकल्पात कुणीही बदल सुचवू शकतो. मात्र तो पॅचच्या रूपात द्यावा लागतो. गाळलेल्या ओळीच्या आरंभी वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीच्या आरंभी अधिकचे. त्यावर काय चुकत होते आणि बदल का हवा, याचे निवेदन. एका पॅचमध्ये एकच बदल. जाता जाता शेजारची ओळ सुधारण्याचा मोह आवरावा लागतो (आमच्या कित्येक संपादकांना हा नियम जाचक वाटेल). आणि तळाशी सही.

'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ २००४ मध्ये आली. आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधील मजकूर मुळात कुणाचा, हाच प्रश्न उभा राहिला. तेव्हापासून पॅच देणारा हमी देतो, की हा मजकूर मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार मला आहे. पॅच पुढे ज्या मेंटेनरांच्या हातून जातो, तेही आपापली सही खाली जोडत जातात. टोपणनावावरची बंदी २०२३ मध्ये सैल झाली; निनावी पॅच मात्र आजही चालत नाही. पुढे कधी एखादी ओळ दगा देऊ लागली, तर ती कुणी, केव्हा, काय कारण सांगून घातली हे 'गिट' दाखवते. त्या आज्ञेचे नावच 'ब्लेम' आहे. याला लेखकाचा मृत्यू म्हणावयाचे?

संहिता स्वयंपूर्ण असते, सही हा केवळ कायद्याचा उपचार, असे कुणी म्हणेल. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी परीक्षकांची पारख करण्यासाठी खोट्या ओळखीने, मुद्दाम दोष लपवलेले पॅच पाठवले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रकरण चिघळले आणि त्या विद्यापीठाचे योगदान थांबवण्यात आले. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की तिथून पूर्वी आलेले, वरकरणी निर्दोष असलेले पॅचही पुन्हा काढून तपासले गेले. अक्षर तेच होते, नावावरचा विश्वास उडाला होता, म्हणून वाचन बदलले.

आता आमच्या घरात पाहू. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. 'नांव' आणि 'नाव' यांतला, माणसाची ओळख आणि होडी यांतला, कागदावरचा भेद पुसला. जुने पुस्तक नव्या लेखनात छापू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते कोणत्या आवृत्तीवरून छापले, अनुस्वार कुणी गाळले, त्यांच्याबरोबर आणखी काय गेले, याचा उल्लेख कित्येक पुनर्मुद्रणांत शोधूनही सापडत नाही. मराठीत निनावी पॅच बिनदिक्कत चालतो.

ही शिस्त आम्हांला परकी आहे, असेही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिच्यात पर्वापर्वाला संपादकाचे नाव आहे आणि नाकारलेला पाठही पानाच्या तळाशी शाबूत आहे. कादंबरीच्या प्रकाशकाकडून आम्ही एवढी अपेक्षा करत नाही. एक पान पुरे: आधारभूत आवृत्ती कोणती, बदल कोणते, आणि खाली ते करणाऱ्याची सही. ते पान नसलेल्या प्रतीवरून शैलीचा अभ्यास करणाऱ्या प्रबंधात नेमकी कुणाची शैली तपासली जाते, हे मार्गदर्शकांनीच सांगावे.