आकाशातला पाळणा

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही असे नाही. गावच्या भरभराटीच्या व्यापारातून ती निघाली आणि व्यापाराला बरेवाईट दिवस आले तरी ती तोंडातोंडी राहिली. या म्हणीतला पाळणा आता शब्दशः विकत मिळू लागला आहे. तो जालन्यात नसून जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आहे, आणि त्याचे भाडे सोन्याच्या भावाची आठवण करून देणारे आहे, एवढेच.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परतली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तिने ४७० विमानांची मागणी नोंदविली आणि २०२३ च्या अखेरीस एअरबस कंपनीचे 'ए-३५०' जातीचे पहिले विमान दिल्लीत उतरले. २०२४ मध्ये ही विमाने लंडन आणि न्यूयॉर्कच्या मार्गावर धावू लागली. या विमानात एकूण ३१६ आसने आहेत. त्यांपैकी पुढची २८ बिझनेस क्लासची, त्यामागची २४ 'प्रीमियम इकॉनॉमी' नावाच्या मधल्या वर्गाची आणि उरलेली २६४ सामान्य वर्गाची. पुढच्या २८ जणांना आसन नव्हे, खोलीच मिळते. तिला सरकते दार आहे, आणि पाठ टेकली की आसनाचा सपाट बिछाना होतो. त्या भागात एका रांगेत चार माणसे बसतात. मागे तेवढ्याच रुंदीत नऊ बसतात. विमानाची रुंदी काही मागे वाढत नाही. या चार आणि नऊच्या हिशेबात सगळा विषय सामावलेला आहे.

जालन्याचा या हिशेबाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे सुरू केलेला संकरित बियाण्यांचा उद्योग जगाच्या नकाशावर गेला आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत परदेशातून आलेले भंगार वितळते. ज्या गावाचा माल आणि कच्चा माल समुद्र ओलांडतो, त्या गावचे काही उद्योजक विमानाच्या पुढच्या भागात बसले तर त्यात नवल नाही आणि गैरही नाही. रात्रभर प्रवास करून सकाळी सौद्याच्या बैठकीत बसावयाचे असेल, तर झोप ही चैन नसून कामाचे साधन ठरते.

दुसरा संबंध मागच्या २६४ आसनांशी आहे. अंबड, भोकरदन, जाफराबाद, मंठा अशा तालुक्यांतल्या शिक्षकांची, तलाठ्यांची, मोसंबीच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्यांची मुले शिकून अमेरिकेत आणि युरोपात गेली. सुनेचे बाळंतपण आले की आईवडिलांना बोलावणे येते. ज्यांनी आयुष्यात मुंबईपलीकडे प्रवास केलेला नाही अशी साठी-सत्तरीची माणसे चिकलठाण्याच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर उभी राहतात. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जावयाचे तर पंधरा-सोळा तास एका आसनावर. गुडघे समोरच्या पाठीला टेकलेले, मधली जागा मिळालेली, आणि शेजारी झोपलेल्या अनोळखी माणसाला उठवून शौचास जाण्याचा संकोच. हा संकोच इतका, की कित्येक वृद्ध प्रवासात पाणीच पीत नाहीत.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की चार तासांहून अधिक काळ हालचालीविना बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. अशा प्रवासातला प्रत्यक्ष धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि हा धोका विमानापुरता नाही, बस, मोटार आणि आगगाडी यांनाही तो लागू आहे. पण वय, स्थूलता, पूर्वीची शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. आणि वाढत्या वयाचा प्रवासीच नेमका कोंडीच्या आसनात बसतो. इंग्रजीत या विकाराला 'इकॉनॉमी क्लास'चेच नाव चिकटले, यात वैद्यकीय अचूकता कमी असली तरी सामाजिक अचूकता पुष्कळ आहे.

हे वर्ग आले कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, ८ जूनला, 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते; दोन्ही प्रवास त्याला परकेच. पुढे एस.टी. जालन्याच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली आणि तिने सरपंचाला व सालदाराला एकाच बाकावर बसविले. 'निमआराम' नावाची गाडी नंतर आली. (निम्मा आराम उघडपणे कबूल करणारे हे बहुधा जगातले एकमेव वाहन असावे, विमान कंपन्यांना एवढा प्रामाणिकपणा साधलेला नाही.) विमानाची वाट उलटी होती. तेथे आरंभी धनिकच होते. १९७० नंतर जंबो विमाने आली, आसने वाढली, स्वस्त तिकिटे निघाली आणि पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार विमानात चढले. तेव्हा पूर्ण भाडे भरणाऱ्या व्यापाऱ्याला वाटू लागले, की आपण आणि सवलतीचा प्रवासी एकाच रांगेत कसे? १९७८-७९ च्या सुमारास काही परदेशी कंपन्यांनी मध्ये एक पडदा ओढला आणि बिझनेस क्लास जन्माला आला. आरंभी तो खरोखर पडदाच होता. थोडी मोकळी जागा आणि थोडे बरे जेवण, यापलीकडे फरक नव्हता. २००० साली ब्रिटिश एअरवेजने त्या वर्गात सपाट बिछाना आणला. आता पडद्याचे दार झाले आहे.

नेमक्या त्याच वर्षांत भारतात एक मराठी माणूस उलट दिशेने विचार करीत होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या हालांवर महात्मा गांधींनी १९१७ साली लिहिले होते. तो वर्ग १९७४ मध्ये संपला, पण नावानेच. लाकडी फळ्या तशाच राहिल्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील त्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी घालावयास सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा 'गीतांजली एक्स्प्रेस' निघाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. दोन इंच ही काही क्रांती नव्हे, असे तेव्हा हसणारे हसले. पण मनमाड ते कलकत्ता पाठ टेकून गेलेल्या लक्षावधी माणसांना त्या दोन इंचांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. दंडवत्यांनी पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही, हे विसरता कामा नये. विनोद असा, की ज्या जनता सरकारने रेल्वेत ही गादी घातली त्याच सरकारने फेब्रुवारी १९७८ मध्ये जे. आर. डी. टाटांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. विमानात बसल्यावर चहाच्या रंगापासून पडद्यापर्यंत सगळ्याची टिपणे काढणारा तो अध्यक्ष होता.

बिझनेस क्लासच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो पोकळ नाही. पुढच्या आसनांचे भाडे सामान्य भाड्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही अधिक असते. संख्येने थोडे असलेले हे प्रवासी लांबच्या उड्डाणाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा उचलतात. ते नसतील तर अनेक थेट उड्डाणे परवडणार नाहीत आणि मागच्या प्रवाशाला दोन ठिकाणी विमान बदलत, रात्री बाकड्यांवर काढीत जावे लागेल. शिवाय सरकारही पुढच्या प्रवाशाकडून अधिक घेते: सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, सामान्य वर्गावर तो ५ टक्केच राहिला. तेव्हा श्रीमंताचे तिकीट गरिबाला पोसते, असे म्हणता येते.

म्हणता येते, पण अर्धेच. पुढचा भाग रुंदावतो तेव्हा मागे आणखी आसने बसविण्याचा मोह कंपन्यांना होतो, आणि गेल्या काही दशकांत जगभर दोन आसनांमधले अंतर कमी होत गेले, ही वस्तुस्थिती आहे. अमेरिकेत हा प्रश्न कायदेमंडळापर्यंत गेला. २०१८ च्या कायद्याने तेथील विमान नियामकाला आसनाची किमान मापे ठरविण्यास सांगितले. २०२२ साली नियामकाने लोकांची मते मागविली, ती हजारोंनी आली, आणि प्रकरण रेंगाळले. प्रदूषणाचा हिशेबही पडद्यामागे राहतो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासात बिझनेस क्लासच्या प्रवाशावर पडणारा कर्बवायूचा भार सामान्य प्रवाशाच्या सुमारे तिप्पट धरला होता, कारण तो जागा तितकी अधिक अडवितो. त्याच हंगामात, २०१२-१३ च्या दुष्काळात, जालना शहर पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसले होते. एका आसनामुळे दुष्काळ पडतो असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण भाड्याच्या पावतीत न दिसणारी किंमत कोण भरतो, हे कोरडवाहू जिल्ह्याने विचारले तर ते अप्रस्तुतही नाही.

सरकारी नोकराला तर वर्गाचा अर्थ रोजच्या कागदावर भेटतो. केंद्र सरकारच्या दौऱ्याच्या नियमांत वेतनस्तर १४ आणि त्यावरील अधिकाऱ्यास देशांतर्गत विमानातही बिझनेस क्लास, सहापासून तेरापर्यंतच्यांस सामान्य वर्ग, आणि पाच व त्याखालील लिपिकवर्गास आगगाडीच. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळालेला अनुसूचित जातीचा विद्यार्थी सामान्य वर्गाच्या तिकिटावर जातो, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते. त्याच्या घराण्यातला तो विमानात बसणारा पहिला माणूस असण्याचा संभव मोठा. २००९ साली काटकसरीचे आदेश निघाले तेव्हा एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी सामान्य वर्गाला गुरांचा वर्ग म्हटले आणि वादळ उठले. शब्द उसना होता, थट्टेत वापरलेला होता, हे मान्य. राग मात्र उसना नव्हता.

हेच चित्र आता जालन्याच्या फलाटावरही आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई 'वंदे भारत' सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. तिच्या एक्झिक्युटिव्ह डब्यात एका रांगेत चार खुर्च्या आहेत आणि त्या गोल फिरतात. साध्या डब्यात पाच आहेत आणि फिरत नाहीत. भाडे दुपटीच्या आसपास. विमानातल्या चारास नऊ या प्रमाणापुढे चारास पाच हे प्रमाण सभ्यच म्हणावे लागेल. साध्या खुर्चीत बसलेला प्रवासीही थंड हवेत, वेळेवर आणि ताठ मानेने मुंबईस पोहोचतो. वर्ग असावेत की नसावेत या तात्त्विक वादापेक्षा या पाचव्या खुर्चीत अधिक शहाणपण आहे. खालची पायरी सन्मानाची असेल तर वरच्या पायरीचा कोणी मत्सर करीत नाही.

त्या पायरीच्याही खाली मात्र आणखी एक पायरी आहे. वंदे भारतला अनारक्षित डबा नाही. ज्या दिवशी ती सुरू झाली त्याच दिवशी वातानुकूलन नसलेल्या, सर्वसाधारण डब्यांच्या दोन 'अमृत भारत' गाड्याही देशात सुरू झाल्या. त्या बिहार-दिल्ली आणि बंगाल-बंगळूर मार्गांवर गेल्या. छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या एकेरी मार्गाच्या दुपदरीकरणास, २,१७९ कोटी रुपयांच्या खर्चासह, जुलै २०२५ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. जालना याच टप्प्यात येते. दुसरा रूळ पडला की गाड्यांना जागा होईल, आणि तेव्हा त्या जागेवर कोणती गाडी आणावयाची हे ठरेल. खासदारांनी, व्यापारी महासंघांनी आणि प्रवासी संघटनांनी ही मागणी आतापासूनच लेखी लावून धरावयास हवी, की पहिली वाढीव गाडी अनारक्षित डब्यांची असावी. दिवाळी सरली की जिल्ह्यातली कुटुंबे बिऱ्हाडासह ऊसतोडीला निघतात. त्यांच्या प्रवासाला वर्ग नाही, आसन नाही, तिकीटही नाही. ट्रकच्या हौद्यात भांड्यांच्या गाठोड्यावर आई बसते आणि तिच्या मांडीवर पोर झोपते.