ओल्या चड्डीचा जाच

तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत श्रीपूर कारखान्यावरून बोरगावला जाते. पावसात भिजलेलं धोतर मांड्या कसं सोलून काढतं, हे त्या वाटेने चालणाऱ्याला ठाऊक असतं. आपली पोरं कोकणात समुद्रावर गेली की मात्र ओल्या चड्डीवर दिवसभर हिंडतात. पाण्याने कातडी मऊ पडते, घर्षण वाढतं. खारं पाणी सुकून मीठ उरतं, शिवाय पोहण्याच्या चड्डीच्या आतल्या जाळीत वाळू अडकते. जास्त त्रास त्या जाळीचाच. समुद्रात उतरण्याआधी जांघेत व्हॅसलीन चोळा. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, टिपून घ्या, लगेच कोरडे कपडे घाला. खाज सुटून चट्टा पसरायला लागला तर तो नायटा असू शकतो. दुकानातून मनाने स्टेरॉइडचं मलम आणू नका, न लाजता डॉक्टरांना दाखवा.