शब्दविचार : दत्त आणि दोतोस्

नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर ज्या नामाचा घोष चालतो, तें 'दत्त' हें नाम 'दा' धातूचें कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. दत्त म्हणजे दिलेला. अपत्यार्थी अत्रिऋषींस भगवंतांनीं स्वतःलाच देऊन टाकलें, म्हणून हें नांव, अशी कथा भागवतांत आहे. या 'दा' धातूचें एक भावंड प्राचीन ग्रीक भाषेंत आहे. त्याचा परिचय घरांतील संस्कृत शिकणाऱ्या मुलामुलींस मनोरंजक वाटेल.

'मी देतों' यास ग्रीक 'दिदोमि' म्हणत, आपलें 'ददामि'. धातूच्या आद्याक्षराचें द्वित्व, ज्यास पाणिनि 'अभ्यास' म्हणतो, दोहोंकडे आहे. ग्रीकांत त्याचा स्वर मात्र इकार. 'तो देतो' हें अथेन्सकडे 'दिदोसि' होई, पण डोरिक बोलींत 'दिदोति', म्हणजे 'ददाति'च्या अधिकच जवळ. भविष्यकाळीं 'दोसो', आपलें 'दास्यामि'. भूतकाळीं आपण आरंभीं 'अ' लावतों, ते 'ए' लावीत.

एवढें साम्य पाहून ग्रीक ही संस्कृताची कन्या, असें ठासून सांगणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ भेटतात. आम्हांस हें मत ग्राह्य वाटत नाहीं, आणि त्याविरुद्ध पहिली साक्ष 'दत्त' शब्दच देतो. 'त' प्रत्ययापूर्वीं 'दा'चा 'दद्' व्हावा यासाठीं पाणिनीस स्वतंत्र सूत्र रचावें लागलें. वर्तमानकाळांतील अभ्यास येथें शिरला आहे. ग्रीक 'दोतोस्' व लॅटिन 'दतुस्' यांत तो नाहीं. ऋग्वेदांतील 'देवत्त' (देवांनीं दिलेलें) या शब्दांतही नाहीं. अर्थात् अभ्यासरहित रूप जुनें, 'दत्त' मागाहूनचें. याहून बळकट पुरावा स्वरांचा. ग्रीकांत ऱ्हस्व अ, ए, ओ हे तीन निरनिराळे स्वर जेथें येतात, तेथें संस्कृतांत बहुधा एकच 'अ' आढळतो. एकत्र झालेलें दूध-पाणी पुढें वेगळें होत नाहीं (हंसाची गोष्ट निराळी!). तेव्हां या दोघी बहिणी, आणि त्यांची आई आज उपलब्ध नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास असेंच अनुमान मांडलें होतें.

इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील इतिहासकार हिरोडोटस याच्या नांवांत हाच 'दोतोस्' आहे; अर्थ, हेरा देवीनें दिलेला. 'थेओदोतोस्' हें तर अर्थानें आपलें देवदत्तच. मात्र येथेंही जपून असावें : 'थेओस्' आणि 'देव' यांचें मूळ एक नाहीं. 'देव' शब्दाचा ग्रीकांतील खरा आप्त 'झेउस्', जो आपला 'द्यौः'.